ढब्बूचे मुसके

आत्याने मुसके आधी स्वतःच्या तोंडाला लावून पाहिले. काळ्या प्लॅस्टिकची ती बादली नाकावर दाबून धरत तिने एक लांब श्वास घेतला, मग आणखी एक, आणि बादली गवतावर भिरकावून दिली.

"हिच्यात माणूस गुदमरेल. हे नको."

"माणसाला नाही घालायचंय, आत्या. ढब्बूला घालायचंय," भाची म्हणाली.

"तो काय कमी आहे माणसापेक्षा?"

ढब्बू कुंपणापलीकडे उभा राहून आपल्याविषयीची ही चर्चा ऐकत होता. घोडेस्वारीच्या शाळेतले हे सगळ्यात बुटके तट्टू. गावातल्या निम्म्या लोकांनी पहिला लगाम धरला तो त्याच्याच पाठीवर बसून. म्हातारपणी त्याला कामातून मोकळे केले, आणि कामातून मोकळे झालेल्या पुष्कळांचे होते तेच त्याचे झाले. काम सुटले, खाणे सुटले नाही. त्यात यंदा कुरण माजलेले. पोट असे गरगरीत झाले होते की नालबंदाला पुढचा पाय उचलून धरताना घाम फुटायचा.

इथवर हसण्यावारी नेता आले असते. पण गेल्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेवरून हात फिरवला, खुरांवर तळवा ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. "खुरं गरम लागतायत. आत सूज धरली तर याला उभं राहता येणार नाही. आणि घोडा उभा राहीनासा झाला की आमच्या हातात फारसं काही उरत नाही." उपाय दोनच होते. चरणे बंद करून तबेल्यात कोंडायचे, नाहीतर तोंडाला मुसके बांधून कुरणात सोडायचे. मुसक्याच्या तळाला भोक असते, त्यातून येतील तेवढीच पाती खायची.

आत्याने तबेला निवडला. त्याला कारण होते. शेण उचलायला म्हणून ती पोरवयात इथे आली होती आणि आता कुठल्याही जनावराबाबत शेवटचा शब्द तिचा असे. पण इतक्या वर्षांत तिने नियम असा एकच केला होता. कुरणात सोडलेल्या घोड्याच्या तोंडावर काहीही ठेवायचे नाही. लगाम, मोरकी, वाद्या, सगळे फाटकापाशी उतरवायचे, मानेवर एक थाप मारायची आणि सोडून द्यायचे. कुणी विसरला तर आत्या त्याची सगळ्यांदेखत खरडपट्टी काढी. "दिवसभर त्याचं तोंड आपलंच असतं. कुरणात तरी ते त्याचं असू दे की!"

कोंडलेल्या ढब्बूने दोन दिवस दाराला लाथा घातल्या. पाण्याला तोंड लावले नाही, पाठ टेकली नाही. तिसऱ्या दिवशी आत्या स्वतःच म्हणाली, "आण बाई तुझं ते मुसकं."

आणि एकदा म्हणाल्यावर मात्र तिने कुरकुर केली नाही. न पटलेले काम लोक उरकून टाकतात. आत्या न पटलेल्या कामाला दुप्पट जीव लावायची, आणि भाचीला तिचे हेच फार आवडायचे.

बादली बाद झाली. मग जाळीची पिशवी पाहिली. "ही तो आठवड्यात कुरतडून गिळेल." शेवटी रबराची टोपली पसंत पडली, नाकपुड्यांपाशी मोकळी, वजनाला हलकी. ढब्बूला चढवून आत्याने नाकावरच्या पट्ट्याखाली बोटे सरकवली. ओठांपुढे जागा राहते का ते पाहिले. त्याला मान खाली घालायला लावली, चघळायला लावले, तो जांभई देईपर्यंत वाट पाहिली. मग गालफडाच्या हाडावरून उलटा हात फिरवला.

"इथे घासणार."

जुन्या खोगिराखालची मेंढीची लोकर कापून तिने पट्ट्याला आतून शिवली. डोक्यामागचा नायलॉनचा पट्टा काढला आणि तिथे झिजलेल्या चामड्याची बारीक वादी लावली.

"ही तर झटक्यात तुटेल गं," भाची म्हणाली.

"तुटायलाच हवी. कुठे फांदीत अडकला तर वादी तुटू दे, मान नको."

भाचीने मनात हात जोडले. तिने एकटीने केले असते तर पाकीट फोडून, बक्कल लावून मोकळी झाली असती.

मुसके बसले झकास, पण ढब्बूच बसला रुसून. मान खाली घालून, शिक्षा झालेल्या पोरासारखा तो कुंपणापाशी उभा राहिला. नाक गवतात घाली, पाती बाजूला वाकत, आणि तो पुन्हा मान वर करी. तेव्हा आत्या तिच्या त्या दुखऱ्या गुडघ्यांवर त्याच्यासमोर बसली, उंच पाती खुडली आणि खालच्या भोकातून एकेक आत सरकवू लागली.

"येतंय ना? बघ, येतंय. शहाणा गं माझा तो."

ढब्बूने खाल्ले. दुसऱ्या दिवशी खाल्ले, तिसऱ्या दिवशीही खाल्ले. पोट उतरू लागले, आत्याचा चेहरा खुलला. सकाळ-संध्याकाळ ती कुरणात फतकल मारून बसे आणि त्याच्याशी गप्पा मारत त्याला भरवी.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या तेव्हा खुरे होती तशीच गरम होती. त्यांनी कुरणाकडे नजर टाकली. सगळीकडे गवत ताठ होते. तुडवलेली जागा एकच, कुंपणाशी, जिथे आत्या बसायची.

"हा चरत नाही का?"

"चरतो की. मी असले की चरतो."

"आत्या, त्याला चरणं म्हणत नाहीत. तो दिवसभर एका जागी उभा राहून तुमची वाट बघतो. पाय हलले नाहीत तर मुसक्याचा काय उपयोग? असंच राहिलं तर परत तबेल्याचं दार लावावं लागेल."

आत्याने त्या तुडवलेल्या जागेकडे पाहिले. मग म्हणाली, "चूक माझी आहे. मीच सवय लावली."

दुसऱ्या दिवशी तिने मुसके चढवले, त्याला कुरणात सोडले आणि मागे न बघता ती गवताच्या गंजीमागे जाऊन उभी राहिली. ढब्बू खिंकाळला. थांबून पुन्हा खिंकाळला. लहान पोर आईला हाक मारते तशी ती हाक होती. गंजीआडून डोकावणारी भाची आत्याकडे वळली. आत्याने दाताळ्याचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"आत्या, आजच्या दिवस जा हवं तर."

"गप बस. तिकडे बघ, माझ्याकडे काय बघतेस!"

भाची तिकडे बघत राहिली. ऊन चढले. हाका हळूहळू कमी झाल्या. शेवटी ढब्बूने एक पाऊल टाकले, मग दुसरे. जिथे गवत ना फार उंच ना फार आखूड होते तिथे त्याने नाक सरळ खाली दाबले, आणि त्याचा जबडा हलला.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"एका जागी, की चालत?"

"चालत. पार मधोमध गेलाय."

"इकडे बघतोय?"

'हो' हा शब्द भाचीच्या ओठांवर आला होता. पण आत्याशी खोटे बोलायची हिंमत तिला कधीच झाली नव्हती.

"नाही गं."

"बरं झालं," आत्या म्हणाली आणि तिने बाहीने तोंड पुसले. "उद्यापासून तू घालत जा मुसकं. बक्कल फार आवळू नकोस. लोकर ओली झाली तर वाळव."

मग तिने शेणाची ढकलगाडी घेतली. खताच्या खड्ड्याकडे जाणारी जवळची वाट कुंपणाला लागून होती. आत्याने गाडी वळवून मागच्या चढाची वाट धरली. चार पावलांवर चाक करकरले. ती थांबली, तबेल्यातून तेलाची बाटली घेऊन आली, वाकून चाकाला तेल घातले, आणि मग आवाज न करता चढ चढून गेली.