रोशनबीचा घसा बसला

रोशनबी मणेरणीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नसे, आणि तिच्या धंद्याला तेच लागतं. काचेची बांगडी घट्ट हातात चढवायची तर बाईला बोलण्यात गुंतवावं लागतं. बाई माहेराच्या गोष्टीत रमली की हात आपसूक सैल पडतो आणि बांगडी मनगटावर जाते. औंढ्यापासून टाकव्यापर्यंत एकही सासुरवाशीण नव्हती, जिच्या माहेरची बित्तंबातमी रोशनबीला नव्हती.

आणि अशा बाईच्या पोटी मुकी पोर यावी! अजीजुन्निसा, घरच्यांची अज्जू, चार वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. ऐकू सगळं यायचं, सांगितलेलं कळायचं, पण बोलणं शून्य. आजीने, म्हणजे रोशनबीच्या सासूने, वाचा फुटावी म्हणून पोपटाने टोचलेले पेरू खाऊ घातले. गावोगावच्या बायका हळहळायच्या, आणि त्या हळहळीने रोशनबीच्या काळजाला घरं पडायची.

शेवटी सासूने, जैतुनबीने, निकाल लावला. पुण्यात तिच्या बहिणीला लहानपणापासूनच घरकामाला तयार करता येईल अशी पोर हवी होती. संक्रांतीचा धंदा उरकला की बहिणीचा मुलगा नसीर येऊन अज्जूला घेऊन जाणार. जैतुनबी म्हणाली, "मुकी पोर कामाला बरी. उलट तरी बोलत न्हाई." नवरा इनायत रेल्वेच्या शेडमध्ये कोळसा ओढायचा आणि आईपुढे मान खाली घालायचा. रोशनबी रात्रंदिवस रडत होती, पण तिचं ऐकतो कोण?

धंद्याच्या शेवटच्या दिवशी ती अज्जूला घेऊन टाकव्याला निघाली, आणि मावळच्या थंडीने नेमका दावा साधला. घसा असा बसला की फुंकर मारल्यासारखी नुसती हवा यायची. टाकव्यात सावित्राबाईच्या ओसरीवर तिने बांगड्यांचे तोडे मांडले. एरवी अज्जूला शेजारी बसवताना ती हमखास दरडावायची, "गप, हलू नको, काच हाय." आज तेही नाही.

सावित्राबाईचा हात भात झोडून झोडून दगड झालेला. बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. बाई घाबरली, तसा हात आणखी आवळला. शकुनाचा चुडा तडकून हातातच वाढला तर सणाला अपशकुन! रोशनबी तोंड उघडायची आणि मिटायची. ओसरी चिडीचूप झाली. रोशनबी बसलेली असताना ओसरीवर अशी शांतता कुणी ऐकलीच नव्हती.

त्या शांततेत एक चिमुकला हात सावित्राबाईच्या मनगटावर आला.

"मावशी, हात सैल सोडा," अज्जू म्हणाली. "माहेरी कोण कोण हाय? भाऊ न्यायला येतो का न्हाई? भावजय कशी हाय, गोड बोलती का?"

आईचाच सूर, आईचाच हेल, फक्त 'र'चा 'ल' होत होता. सावित्राबाई बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, ती भावजयीचं गाऱ्हाणं सांगू लागली, आणि बांगडी सुर्रकन मनगटावर गेली. चुडा भरून झाल्यावर भरणारीला नमस्कार करायची रीत. सावित्राबाईने रोशनबीला केला आणि मग खाली वाकून अज्जूलाही केला. पोर म्हणाली, "चुडा अखंड ऱ्हाऊ दे."

वाटभर रोशनबीचे डोळे वाहत होते. चार वर्षं ती पोरीसमोर अखंड बोलत आली होती, आणि पोरीच्या वाट्याला तेवढं एक 'गप' आलं होतं. पोरीने सगळं साठवलं होतं. आईने बोलायला फट ठेवली नव्हती, एवढंच.

घरी जैतुनबीने गाठोडं बांधून ठेवलं होतं आणि नसीर येऊन बसला होता. रोशनबीने हातवारे केले, ओठ हलवले. "आता तूबी मुकी झालीस व्हय?" जैतुनबी म्हणाली. अज्जू आजीला बघून आईच्या पदराआड गेली. रोशनबीचा जीव टांगणीला लागला. पोर इथे बोलली नाही तर गेलीच. ती खाली बसली, पोरीला पुढे केलं, आणि जन्मात पहिल्यांदा आपणहून गप्प राहून वाट बघितली.

बऱ्याच वेळाने अज्जू आजीजवळ गेली. म्हातारीचा सुरकुतलेला, ओका हात तिने हातात घेतला.

"मावशी, हात सैल सोडा. माहेरी कोण कोण हाय?"

जैतुनबीचं तोंड उघडंच राहिलं. त्या घरात ती सून होऊन आली, सासू झाली, विधवा झाली. हे कुणी तिला कधी विचारलं नव्हतं.

"तीन भाऊ व्हते गं," ती म्हणाली. "धाकटा लय लाडका. मला न्यायला कार्ल्याहून पायी यायचा."

"मग?" अज्जूने विचारलं.

म्हातारी सांगत गेली, पोर विचारत गेली. मधेच इनायत आला आणि दारातच थबकून रडू लागला. नसीरचा चहा निवून गेला. अखेर तो चुळबुळत उठला आणि गाठोड्याकडे त्याने हात नेला, तशी जैतुनबीने ते आपल्या मांडीखाली ओढलं.

"तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, "पोर लय बोलती. तुमच्या उपेगाची न्हाई."