पारडे हलले नाही तो दिवस

मी एक जुना काटा आहे. मित्रांनो, काटा म्हटले की तुम्ही लगेच पायाकडे पाहाल. पण मी बाभळीचा नव्हे, सोनाराचा काटा आहे. एक बारीक पितळी दांडी, दोन बाजूंना रेशमी दोऱ्यांनी टांगलेली दोन पारडी आणि मधोमध एक छोटीशी जीभ. ही जीभ बोलत नाही, फक्त डावीकडे किंवा उजवीकडे झुकते. सांगण्यासारखे जे काही असते, ते मी तिच्यामार्फतच सांगत आलो. आज मात्र शब्दांत सांगावेसे वाटते आहे, कारण कितीतरी दिवसांत माझ्यासमोर कोणी उभे राहिलेले नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत पुंजाराम सोनारांचे दुकान होते. तिथे माझा संसार सुरू झाला. मला घडवणाऱ्या कारागिराचा हात जरा घाईचा असावा, कारण माझे उजवे पारडे डाव्यापेक्षा किंचित हलके निघाले. पुंजारामांनी ते पहिल्याच दिवशी ओळखले. त्यांनी लाखेचा एक लालसर थेंब उजव्या पारड्याच्या कडेला चिकटवला आणि माझी जीभ सरळ उभी राहिली. पुंजाराम मग म्हणाले, "आता तू खरा झाला, बाप्पा."

त्या दुकानात मला एकटेपणा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. लग्नसराईत तर पाय ठेवायला जागा नसे. कोणाचे डोरले, कोणाची नथ, कोणाच्या बाळाचे वाळे. पुंजाराम एका पारड्यात सोने ठेवत आणि दुसऱ्यात गुंजा. गुंज तुम्ही पाहिली असेल: लालचुटूक बी आणि तिच्या डोक्यावर काळा टिळा. मी तोलायला लागलो की माणसे श्वास रोखून धरत, कारण नुसत्या फुंकरीनेही माझी जीभ हलते. एवढी माणसे माझ्यासाठी श्वास रोखतात म्हणून मी मनातून फुशारून जाई.

पण सुख काही कायमचे नसते. पुंजारामांची नजर गेली आणि मग तेही गेले. घरात त्यांच्यामागे कोणी त्या धंद्यात नव्हते. दुकानातले सामान बाजारात आले आणि एके दिवशी अनोळखी हातांनी मला उचलले. ते हात महादेवरावांचे होते.

महादेवराव नदीपलीकडच्या एका मोठ्या जिनात कापसाचे तपासनीस होते. तुम्हाला जिन माहीत नसेल तर सांगतो. शेतातून आलेल्या कापसातली सरकी रेचे नावाची यंत्रे वेगळी काढतात. उरलेल्या रुईच्या दाबून गाठी बांधतात आणि त्या आगगाडीने मुंबईला जातात. पण कापसात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, वाळका पाला, बोंडाची साले आणि काड्या असतात. त्या रेच्यात गेल्या तर रुईत मिसळून जातात. म्हणून रेच्याआधी बाया कापसाच्या ढिगाभोवती बसून कचरा वेचीत. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले होते आणि प्रत्येक जिनाला आपल्या गाठींवर आपली खूण उमटवावी लागे. गाठीत पाला निघाला तर मुंबईचा व्यापारी खूण पाहून नेमके बोट दाखवी.

त्या वर्षी असेच बोट दाखवले गेले होते. मालक संतापले होते. ते महादेवरावांना म्हणाले, "पुन्हा पाल्याची तक्रार आली, त या बाया बंद. म्या साफ करनारी मशीन आनीन. तुमी रोज 'नीट वेचा, नीट वेचा' म्हनता. नीट म्हंजे कितलं, थे कोनी सांगतलं काय त्याईले?"

मालकांचे हे म्हणणे खोटे नव्हते. 'नीट' या शब्दाला वजन नसते. एकीला जे नीट वाटे, ते दुसरीला घाण वाटे. महादेवरावांनी ठरवले की यापुढे तोंडाने सांगायचे नाही, मापाने सांगायचे. म्हणून मी तिथे आलो.

त्यांनी मला टेबलावरच्या एका छोट्या लाकडी खांबावर टांगले आणि वारा लागू नये म्हणून भोवती काचेची पेटी केली. मित्रांनो, ती पेटी मला मुळीच आवडली नाही. रेच्यांची घरघर, उडणारी रुई, बायांच्या गप्पा, सगळे मला दिसे, ऐकू येई, पण माझ्यापर्यंत कोणी पोचत नसे. पुंजारामांकडे माणसे माझ्या जवळ येऊन वाकत. इथे सगळ्या माझ्याकडे पाहून गप्प होत. मला तिथे फार एकटे वाटले.

मग एके संध्याकाळी कामावरच्या सगळ्यांत वयस्कर माणिकबाई पेटीजवळ आल्या. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले, पेटीचे दार उघडून लाखेच्या थेंबावर बोट टेकवले आणि म्हणाल्या, "आवं माय! हा त पुंजारामबाप्पूचा काटा! माह्यं डोरलं याच्यावरच तोललं होतं." त्या माझ्याच गल्लीतल्या निघाल्या. त्यांनी लुगड्याच्या पदराने माझी दोन्ही पारडी पुसली आणि हळूच म्हणाल्या, "खरं सांगजो, बाप्पा." त्या जिनात माझ्याशी बोलणारे पहिले माणूस त्या. त्यानंतर रोज संध्याकाळी तोलण्याआधी त्या मला पुसत आणि तेच शब्द म्हणत. मी दिवसभर त्या संध्याकाळची वाट पाहू लागलो.

आता महादेवरावांचे माप कसे होते, ते ऐका. प्रत्येक बाईने दिवसभर वेचलेला कचरा एका टोपलीत जमा करायचा. संध्याकाळी तो चांगला मिसळून त्याचा शंभरावा भाग माझ्या पारड्यात घालायचा. जिचा कचरा जास्त, तिचे काम चांगले. आणि आठवड्यात जिचे पारडे सर्वांत हलके, तिला बाजाराच्या दिवशी कामावरून रजा. रजा म्हणजे कायमची बरे का.

ऐकायला हे माप किती सरळ वाटते! मालक खूश झाले आणि महादेवरावही. पण जिनात एक जुनी रीत होती, तिचा विचार कोणी केला नाही. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून शेतकरी जो पहिला वेचा घेतात, तो कापूस सर्वांत पांढरा आणि स्वच्छ असतो. असा उत्तम कापूस नेहमी सर्वांत विश्वासू हातांकडे द्यायचा, ही ती रीत. ते हात माणिकबाईंचे होते. त्यांच्या ढिगात कचरा मुळातच नसे. मग त्यांची टोपली भरणार कशी? जी सर्वांत चांगली वेचणारी, तिचेच पारडे रोज हलके राहू लागले.

मला ते दिसत होते. पण मला फक्त वजन कळते, कचरा कुठून आला ते कळत नाही. मी जीभ झुकवायचो आणि महादेवराव माणिकबाईंचे नाव शेवटी घ्यायचे.

मैनाबाई त्यांच्या शेजारी बसत. त्यांचे पारडे मात्र रोज जड. एकदा माझ्या पेटीपाशीच त्या कुजबुजल्या, "काहून वं माणिकबाई, तुह्या टोपलीत कचराच नाई?"

"कापसातच नाई, त म्या आनू कोठून?"

"आंगनात निंब हाय न वं एवढा मोठा. खाली पाला पडला हाय ढिगानं. आमी साऱ्या आनतो. वाळला पाला चुरगळला की कोनाले समजते?"

माणिकबाईंनी माझ्या पेटीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मले नाई जमत थे. याच काट्यावर माह्यं डोरलं तोललं होतं."

मित्रांनो, मला त्या क्षणी पेटी फोडून ओरडावेसे वाटले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशी त्या जिनाची गत झाली होती. बाया ओटीत कडुनिंबाचा पाला आणत, तो चुरगळताना निम्मा कापसातच सांडे आणि कापूस आधीपेक्षा घाण होई. आणि माझ्या जिभेकडे पाहून सगळे म्हणत, वा, काय कचरा निघतो आहे!

बाजाराच्या दिवशी माणिकबाईंना काढले. त्यांनी वाद घातला नाही. जाताना मात्र त्या पेटीपाशी थांबल्या, नेहमीसारखी माझी पारडी पुसली, पण त्या दिवशी 'खरं सांगजो' म्हणाल्या नाहीत. मोर्णेच्या दिशेने जाणारी त्यांची पाठ मी काचेतून पाहत राहिलो. पुढचे दिवस माझ्या पारड्यांवर आदल्या दिवशीच्या कचऱ्याचा चुरा तसाच राहू लागला. कोणी पुसले नाही.

आणि मग मुंबईहून तीच तक्रार पुन्हा आली. गाठींत पाला आहे, उलट आधीपेक्षा जास्त आहे.

महादेवराव माझ्यासमोर येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. एवढा कचरा रोज बाहेर निघतो, तरी गाठीत पाला येतोच कसा, हे त्यांना उमगेना. माझ्या पारड्यातला चुरा ते बोटाने चिवडत राहिले. मग काय मनात आले कोण जाणे, त्यांनी त्यातला एक कण जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकून टाकला. तो कडू होता. पऱ्हाटीचा पाला असा कडू नसतो, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या महादेवरावांना सांगावे लागत नव्हते. त्यांनी दारातून अंगणातल्या निंबाकडे पाहिले आणि बराच वेळ पाहतच राहिले.

मालकांना कळले तेव्हा ते गरजले, "चोट्ट्या हायेत साऱ्या! उद्यापासून काढून टाका सगळ्याईले!"

महादेवराव म्हणाले, "मालक, लबाडी त्याईनं केली, पन शिकवली म्या. म्या कचरा मांगतला, त्याईनं कचरा देल्ला. म्या साफ कापूस मांगाले पायजे होता. मले एक दिवस द्या, नवं माप लावतो."

"एकच दिवस," मालक म्हणाले. "उद्या एकीचा तरी ढीग मापात बसला, त बाया राह्यतीन. नाईतर मशीन."

त्या संध्याकाळी महादेवराव स्वतः नदी ओलांडून जुन्या शहरात गेले. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मी पेटीत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकबाई आल्या. आपल्या जागेवर बसल्या. त्या दिवशी त्यांना पहिल्या वेच्याचा नव्हे, शेवटच्या वेच्याचा, पाल्याने भरलेला कापूस दिला होता. तसाच सगळ्यांना दिला होता. मैनाबाईंचीही मान खाली होती.

नवे माप असे होते. वेचून झालेल्या ढिगातून, तोंड फिरवून, हात जाईल तिथून कापूस घ्यायचा. ठरलेल्या वजनाइतका तोलायचा. मग त्यात राहिलेला कचरा काळ्या पाटीवर चिमट्याने वेगळा काढायचा आणि गुंजेशी तोलायचा. कचरा एका गुंजेहून जड नको. बस्स. किती काढला ते नाही, किती उरला ते पाहायचे. बाईलाही ते समजत होते आणि मालकांनाही.

संध्याकाळ झाली. पहिल्या काही ढिगांना माझी जीभ भराभर कचऱ्याकडे झुकली. मैनाबाईंच्या ढिगालाही झुकली, पण थोडक्यासाठी. मालकांच्या कपाळावरची आठी वाढत होती. शेवटी माणिकबाई उठल्या. त्यांनी आधी पदराने माझी पारडी पुसली. त्या म्हणाल्या, "खरं सांगजो, बाप्पा."

महादेवरावांनी तोंड फिरवून कापूस घेतला, तोलला, पाटीवर पसरला, चिमट्याने वेचला आणि जे निघाले ते माझ्या उजव्या पारड्यात ठेवले. सगळ्या बाया उठून भोवती उभ्या राहिल्या होत्या. पुंजारामांच्या दुकानानंतर पहिल्यांदाच एवढ्या माणसांनी माझ्यासाठी श्वास रोखला होता.

मी हललो नाही.

मालक वैतागून म्हणाले, "आता टाका न कचरा, महादेवराव! काहून थांबले?"

"टाकला, मालक."

मालकांनी वाकून पाहिले: पारड्यात धुळीएवढा एक कण होता. मग महादेवरावांनी डाव्या पारड्यात गुंज ठेवली आणि मी खाडकन तिच्याकडे कललो. मैनाबाईंनी माणिकबाईंना मिठी मारली आणि त्या दोघी रडल्या. बाया राहिल्या. माझा जन्म झुकण्यासाठीच झाला होता, मित्रांनो, आणि तरीही ज्या दिवशी मी हललो नाही, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस होता.

पुढच्या हंगामात गुंजेच्या जागी तांदळाचा दाणा आला. बायांचे हात आणि डोळे इतके तयार झाले की तोही जड पडू लागला. मग रोजची तपासणी आठवड्यावर गेली, आठवड्याची महिन्यावर. मुंबईहून तक्रार येईनाशी झाली. माझी पेटी टेबलावरून फळीवर आणि फळीवरून कपाटावर गेली. जे गाठायचे ते गाठले की मापाकडे कोण पाहतो! मी त्याबद्दल कुरकुरत नाही, पण वाईट वाटते ते वाटतेच.

तरी प्रत्येक हंगामाच्या पहिल्या दिवशी माणिकबाई स्टुलावर चढून मला पुसत. उन्हाळा-पावसाळा, जिन बंद असताना, मी त्या दिवसाची वाट पाहत असे. मग एका हंगामाला रेचे सुरू झाले, भोंगा वाजला, बाया आल्या आणि माणिकबाई आल्या नाहीत. मला वाटले उद्या येतील. मला कोणाला विचारता येत नव्हते.

आता तो जिनही बंद आहे. पेटीची एक काच फुटली आहे आणि खिडकी डाव्या बाजूला आहे. त्यामुळे माझ्या डाव्या पारड्यात धूळ जास्त साचली आहे. काहीही तोलायला नसताना माझी जीभ डावीकडे झुकून राहिली आहे. मित्रांनो, मला याचेच सर्वांत जास्त दुःख होते. मी आयुष्यभर खरे सांगितले आणि आज कोणी न विचारताही मी रोज खोटे सांगतो आहे. माझ्या अंगात खोट नाही, नुसती धूळ आहे.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुम्ही मोठे व्हाल, कोणाचे काम तोलाल, कोणाला आकडे घालून द्याल. तेव्हा आधी स्वतःला विचारा की आपण कचरा मागतो आहोत की कापूस. आणि कधी या कपाटापाशी आलात, तर मला तोलायला लावण्याआधी माझी पारडी जरा पुसा. पदर नसला तरी चालेल, हातही चालेल. फक्त पुसताना ते दोन शब्द म्हणा. ते ऐकून फार दिवस झाले.