पायदळाला केमिस्ट्री

वामनला फौजेत ऑफिसर व्हायचं होतं, आणि पांढुर्ण्यात ज्याला ज्याला त्याने हे सांगितलं त्या प्रत्येकाने सायन्स घे म्हणून सांगितलं. ठाऊक कोणालाच काही नव्हतं, पण सल्ला द्यायला काय जातं! वडील हिरामण रेल्वेत गँगमन. पोरगा बी.एस्सी.ला आहे, हे ते अनोळखी माणसालाही थांबवून ऐकवत. मग पहिल्या वर्षाचा निकाल लागला. गणिताने हात दिला, पण केमिस्ट्रीने पार आडवा केला. कसेबसे बेचाळीस टक्के पडले.

तेवढ्यात सौंसरहून भिवाजीमामा आला. मामा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, त्यामुळे या घरात त्याच्या शब्दाला वजन होतं.

"पायदळाले केमिस्ट्री कायले लागते?" जेवता जेवता तो म्हणाला. "उगाच डोकं फोडून राहिला तू. एन.सी.सी.त तू हायेच. त्यातून गेला तं लेखी परीक्षा माफ. डिग्री कोनतीबी चालते, पन पन्नास टक्के पायजेत. हे सोड अन् बी.ए. घे. मराठी, इतिहास. मार्क सांभाळ."

वामनला हायसं वाटलं. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल, पण टक्के तरी हातचे. हिरामणचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "जाऊ दे एक साल."

वामनची थोरली बहीण पुष्पा माहेरी आली होती. लेकराला भरवता भरवता ती म्हणाली, "एक साल आहे कुठी त्याच्यापाशी? कागदावर तो दोन सालानं मोठा हाये. वयाची अट नसते का, मामा?"

मामाचा घास हातातच राहिला. अट होतीच. त्याने बोटांवर हिशोब केला. बी.ए. होऊन भरतीला उभा राहीपर्यंत वामन कागदावर अटीच्या बाहेर जात होता.

ही दोन वर्षं कुठून आली, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा ते तिगावजवळ रेल्वेच्या क्वार्टरात राहत. शाळा लांब, पुष्पाला एकटीला पाठवायचं कसं? म्हणून चार वर्षांच्या वामनला सहाचा लिहून तिच्या सोबतीला शाळेत घातला. तो वर्गात झोपायचा आणि पहिलीतच दोनदा नापास झाला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळेच गुरुजींना असंच वय सांगत.

वामन भडकला. "तुह्या सोबतीपायी माहे दोन साल गेले!"

पुष्पाने लेकराचं तोंड पुसलं.

"मी चौथी झाली अन् तुही सोबत सरली, तिच्यासंगं माही शाळाबी. तू पुढं शिकला, मले घरी बसवलं. तुहे साल मामानं बोटावर मोजले. माहे कोनी मोजले का?"

हिरामण खाली बघत जेवत राहिले. वामनला स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने केमिस्ट्रीच्या सरांकडे सकाळची शिकवणी ठरवली. बी.एस्सी.च करायची आणि उरलेल्या दोन वर्षांत टक्के भरून काढायचे, दुसरा रस्ता नव्हता. घरी येऊन तो पुष्पापाशी बसला, जरा घुटमळला.

"ताई, आठवीची परीक्षा प्रायव्हेट देता येते. पुस्तकं आनू का?"

पुष्पा तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"आन. पन पयले तू मार्क सांभाळ," ती म्हणाली. "मले कोनती वयाची अट हाये?"