झाकण न उघडता

हात्सुएला भात कानांनी कळायचा. किर्यू गावात देवळामागच्या गल्लीत तिच्या सासऱ्यांनी जेवणाचं दुकान काढलं त्याला सदुसष्ट वर्षं झाली, आणि त्यातली एक्केचाळीस ती मागच्या चुलींपाशी उभी होती. पुढे नवरा तोकुजी कोळशावर सळ्यांना लावलेली कोंबडी भाजणार, मागे ही भात शिजवणार. माणशी एक छोटं लोखंडी भांडं, वर जाड लाकडी झाकण. ते झाकण फक्त गिऱ्हाईकानेच उघडायचं, हा सासऱ्यांचा नियम. आतली रटरट थांबून बारीक तडतड सुरू झाली की भांडं उतरवायचं. जरा आधी उतरवलं तर भात ओला, जरा उशीर झाला तर करपलेला.

फेब्रुवारीपासून ती तडतड तिला ऐकू येईना. तिने कोणाला सांगितलं नाही. अंदाजाने भांडी उतरवायची आणि गिऱ्हाईक झाकण उघडेपर्यंत जीव मुठीत धरून पडद्याआड उभं राहायचं. अजून एकही भांडं बिघडलं नव्हतं, त्यामुळे आपला अंदाज म्हणजे अंदाज, अशी थोडी घमेंडही तिला चढली होती.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी चटया विणणारे इनागाकी आपलं सगळं खटलं घेऊन आले. त्यांना अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती, आणि अठ्ठ्याऐंशीची अक्षरं एकत्र जोडली की 'तांदूळ' हे अक्षर होतं, म्हणून तिकडे हा वाढदिवस भाताचा मानतात. भात बिघडून चालणारच नव्हता. अकरा माणसं, अकरा भांडी, सगळी एकाच वेळी चुलीवर.

हात्सुएने एकेका भांड्याजवळ कान नेला. काहीच नाही. अकरा भांड्यांचा अंदाज एकदम कसा करायचा? शेवटी तिने पहिल्या भांड्याला हात घातला.

"आई, अजून नाही," मागून सून म्हणाली. मिसाओ रिकामं तबक घेऊन उभी होती.

"तू मला शिकवणार? जा, लोकांना चहा दे."

"शिव्या नंतर द्या. पहिलं अजून रटरटतंय. तिसरं उतरवा, आत्ता."

हात्सुएने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि तिसरं उतरवलं. मग सातवं, मग पहिलं. मिसाओ सांगत गेली, ती उतरवत गेली.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"फेब्रुवारीपासून. तुम्ही भांड्यावर वाकायला लागलात तेव्हाच."

आणि मग हात्सुएच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे चार महिने ही पोरगी बरोबर वेळेला आत यायची आणि विचारायची, "नेऊ का, आई?" तिने विचारलं की आपण भांडं उतरवायचो. अंदाज कसला, डोंबलाचा!

बाहेर अकरा झाकणं उघडली. इनागाकींनी तळाची सोनेरी खरपुडी उलथन्याने सोडवली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "हात्सुएबाई, हात अजून तस्साच आहे हो!"

या गल्लीत चारचौघांत आपल्या माणसाचं कौतुक कोणी करत नाही. तोकुजीने बायकोची ओळख कायम "आमची ही, जेमतेम भात शिजवते" अशीच करून दिली होती, आणि सुनेला तर कोणी तेवढंही म्हटलं नव्हतं. हात्सुए हात पुसत बाहेर आली.

"हात माझा नाही, इनागाकीसान. मला चार महिने भाताची तडतड ऐकू येत नाहीये. हा भात आमच्या मिसाओचा. आणि असा भात माझ्या सासूबाईंनाही जमला नसता."

कोळशावर वारा घालणारा तोकुजीच्या हातातला पंखा थांबला. हात्सुएने मान खाली घातली नाही.

लाजेने लाल झालेली मिसाओ कमरेत वाकून पुटपुटायला लागली, "छे, छे, मला कुठे काय येतं..."

"खोटं बोलू नकोस," हात्सुए म्हणाली. "चुलीपाशी उभी राहा. तबक मी धरते."