खोट्या हाळीची शिक्षा

साहेब, अपेक्षाला मारलं तिच्या नवऱ्याने, पण तिला धरून परत त्याच्या हातात दिली ती तुम्ही.

मी तिच्यासोबत तुमच्या पोलीस ठाण्यात होते, म्हणून तोंडावर सांगते. तिचं डावं मनगट सुजून बांगड्या मांसात रुतल्या होत्या. तुम्ही विचारलंत, नवरा पितो का? ती म्हणाली, नाय. मग कशाला आलीस, असं तुमचं तोंड झालं. जसा काही न पिता मारणारा सज्जनच. साधी एनसीसुद्धा लिहून घेतली नाहीत. नवरा-बायकोचं आहे, घरी बसून मिटवा, म्हणालात. आणि वर उपकार केल्यासारखा साईराजला फोन लावलात, बायको इथे आलीय, येऊन घेऊन जा. तो रोह्याच्या कंपनीतून अर्धी शिफ्ट टाकून मोटरसायकलवर आला. तुमच्यासमोर तिला 'चल गो' म्हणाला, साखर पेरल्यासारखं. तुम्ही त्याला बसायला खुर्ची दिलीत. ती उभीच होती.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. ते ऐका.

त्या दिवशी त्याने तिला हात लावला नाही. त्याहून वाईट केलं. रोह्याला कंपनीजवळ खोली बघितली आणि पौर्णिमेला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. इथली माणसं लय कान लावतात, म्हणाला. हे मात्र खरं होतं. आमच्या गावात भिंतीला भिंत आहे. अपेक्षाच्या घरात वाजलेलं सगळ्यांना ऐकू यायचं. कान सगळ्यांचे लागायचे, पाय कुणाचा उचलायचा नाही. पुरुष म्हणायचे, घरातलं हाय. बायका म्हणायच्या, सासू नाय तिला, समजावणार कोण? आणि टीव्हीचा आवाज वाढायचा. तिचा भाऊ कासूला असतो. तो म्हणाला, जरा सांभाळून घे.

नळावर हंडा भरताना ती मला म्हणाली, "सरूकाकी, रोह्याला गेले तर मी जिती परत येनार नाय." रडत नव्हती. उद्या बाजार आहे असं सांगावं, तसं सांगितलं. इथे निदान ऐकणारे होते. तिथल्या खोल्यांतली माणसं शिफ्टला गेली की दुपारी तिथे चिटपाखरू नसतं.

आता आमच्या गावाची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. गाव धरमतरच्या खाडीला आहे. भरतीला खाडीचं पाणी वर आणि आमची शेतं खाली, मध्ये नुसता मातीचा बांध. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, त्याला भोकं पाडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी त्या भोकांतून जोर करतं आणि बघता बघता बांध फुटतो. त्याला आम्ही खांड जाणं म्हणतो. ज्याला दिसेल त्याने हाळी घालायची, खांड गेली रे. ऐकणाऱ्याने हातातलं टाकून फावडं घेऊन धावायचं. कुणाचं शेत, कुठल्या आळीचं, त्याच्याशी बोलणं आहे की भांडण, काही विचारायचं नाही. कारण खारं पाणी एकाच्या शेतात शिरलं की त्याच्याच शेतात थांबत नाही. आणि एकदा शिरलं की त्या जमिनीत भात होत नाही, नुसतं गवत.

या रितीला दोन शिक्षा आहेत. हाळी ऐकून जो आला नाही, त्याने पुढच्या उधाणाला बांधावर राखण बसायची. आणि जो खोटी हाळी घालेल, त्याच्या शेताला खांड गेली तर गावाने धावायचं नाही. ही दुसरी शिक्षा कुणाला झालेली मी ऐकली नव्हती. कुणाची छातीच झाली नव्हती.

भाद्रपदाची पौर्णिमा. भात निसवून दाणा भरत आलेला, भरदुपार, खाडी काठोकाठ. अपेक्षाच्या दारात टेम्पो उभा. गाद्या, भांडी, कपाट चढवून झालं. चढली नाही ती अपेक्षा. ओट्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि नाय म्हणाली. साईराजने तिला आत ओढली आणि दार लावून घेतलं.

शेजारी आमना. नवरा उबेद कुवेतला, शेती ही एकटी बघते. खाडीच्या अगदी कडेला तिचं भात, म्हणजे बांध फुटला तर पहिली बुडणारी तीच. तिने मागचं दार उघडून हाक मारली, "धावा गो, धावा, मारतोय तिला." टेम्पोवाला मोबाइलमध्ये बघायला लागला. पलीकडची खिडकी बंद झाली. आमनाने परत हाक मारली. कुत्रं तेवढं उठून बसलं.

मग ही बाई टेम्पोवर चढली. गाद्यांच्या ढिगावर उभी राहिली आणि पोटातून ओरडली, "खांड गेली रे... खांड गेली..."

साहेब, गाव कसं आलं ते तुम्ही बघायला हवं होतं. दिनानाथ पुढे. तो बांध कमिटीचा अध्यक्ष, त्याच्या बोटांना अजून भात चिकटलेला. एकाची अर्धी दाढी झालेली, अर्धा साबण तसाच. बायका घमेली घेऊन. आणि हैबतराव, ज्यांना आम्ही कधी घाईने चालतानासुद्धा पाहिलं नाही, ते पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, डोक्यावर खांडीत कोंबायचा पेंढ्याचा भारा घेऊन पळत आले.

"कुठं गेली?" दिनानाथ ओरडला.

आमनाने दाराकडे बोट केलं. "हितं."

सगळे गप्प झाले आणि आतून पट्ट्याचा आवाज आला. हा आवाज गावाला नवा नव्हता. पण आजवर प्रत्येकाने तो आपापल्या घरात बसून एकेकट्याने ऐकला होता. सगळ्यांनी मिळून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, पहिल्यांदा ऐकला. कुणाला कुणापासून लपवता येईना.

दिनानाथने फावड्याच्या दांड्याने दार ढकललं. साईराज बाहेर आला, हातात कमरेचा पट्टा. समोर अख्खं गाव, फावडी घेऊन. त्याला पहिल्यांदा आठवलात ते तुम्ही.

"घरातला मामला हाय," तो म्हणाला. "साहेबपण तेच बोलले."

दिनानाथने त्याला खालीवर बघून घेतलं. "पट्टा कमरेला लाव आधी. पँट घसरतेय तुझी."

खरंच घसरत होती. त्याने एका हाताने ती धरली आणि मागे कोणीतरी बाई फस्सकन हसली. मग दुसरी, मग तो अर्ध्या दाढीवाला. ज्याच्या पावलाच्या आवाजाने अपेक्षाचं पाणी पाणी व्हायचं, तो माणूस स्वतःच्या अंगणात पँट धरून उभा होता.

अपेक्षा बाहेर आली. ओठ फुटलेला. तिने टेम्पोकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"माझं सामान उतरवा," ती म्हणाली. "मी रोह्याला जानार नाय."

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बांधावर चिखलाची घमेली हातोहात जातात तशी आमची रांग लागली. गाद्या, डबे, सिलिंडर, कपाटसुद्धा, टेम्पोतून उतरून परत घरात. टेम्पोत साईराजची एक बॅग राहिली. टेम्पोवाला म्हणाला, निघायचं ना? साईराज पुढे बसला आणि एकटा गेला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दिनानाथ नियमाचा पक्का माणूस. त्याच संध्याकाळी त्याने समाजमंदिरात सभा लावली. आमनाने बाईचा जीव वाचवला हे खरं, म्हणाला, पण हाळी खोटी होती. आज सोडली तर उद्या कोणीही चेष्टा म्हणून ओरडेल, आणि खरी खांड जाईल त्या दिवशी कुणी उठणार नाही. त्याचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. हैबतराव तर लगेच मान डोलवायला लागले. पट्ट्यांच्या चड्डीतलं धावणं त्यांना झोंबलं होतं.

अपेक्षा कोपऱ्यात मनगट धरून बसली होती. तिला सगळं कळत होतं. आमनाला शिक्षा झाली तर साईराज परत येईल त्या दिवशी तोंड कोण उघडणार होतं? तो आज ना उद्या येणारच होता आणि खोली तिथे तयार होती.

आमना उठली. "शिक्षा द्या दिनाभाऊ, मी घेते. पन आधी मला सांगा, हाळी ऐकून जो येत नाय त्याला काय?"

"राखण."

"मग ऐका. मी खांडीची घातली ती दुसरी हाळी. पयली घातली व्हती ती खरी. धावा, मारतोय तिला. दोनदा घातली. त्या हाळीला कोन कोन आला त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. हैबतराव खाकरून म्हणाले, आमाला ती ऐकू नाय आली.

"दोन्ही याच तोंडातून आल्या हैबतराव. माज्या भिंतीला तुमची भिंत. एक ऐकू येते नि दुसरी नाय, असा कान कुठं मिळतो? मला पन आना एक, उबेदचा फोन येतो तवा लावीन."

लोक हसले, पण खाली मान घालून. दिनानाथ हसला नाही. तो उठला.

"खरी हाळी फुकट गेली म्हनून खोटी घालायला लागली," तो म्हणाला. "शिक्षा गावाला. पयला मी बसतो."

पुढच्या अमावास्येच्या उधाणाला अख्खं गाव भर उन्हात बांधावर राखण बसलं, साहेब. मीही बसले. बसायला जागा पुरेना. हैबतराव डोक्यावर टॉवेल टाकून अगदी टोकाला. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी भरलेला, आणि पलीकडून बार्जवरचे खलाशी बघत होते की या गावाला झालंय काय. नियमही तिथेच ठरला, कुणाच्याही दारातून धावा आलं की ती हाळी. मग घर कुणाचंही असो.

साईराज आला. दोन मित्र घेऊन, मोटरसायकलवर. या वेळी हाळी अपेक्षाने स्वतः घातली. गाडीचा स्टँड लागायच्या आत अंगण भरलं. मित्रांनी गाडी वळवली, आणि साईराज त्यांच्या मागे चालत गेला.

मग आम्ही तालुक्याला संरक्षण अधिकारी बाईंकडे गेलो. अशी बाई असते हे तुमच्याकडून नाही, आमनाच्या भाचीकडून कळलं. कोर्टाने आदेश दिला, अपेक्षा त्याच घरात राहील आणि साईराजने तिथे पाय ठेवायचा नाही. कायद्यात हे आधीपासून होतं. ती तुमच्यासमोर उभी होती तेव्हाही होतं. आता ती रामवाडीला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. हात बरा आहे. परवा तर हैबतरावांच्या घरातून सुनेची हाळी आली आणि सगळ्यांच्या पुढे धावली ती अपेक्षा. हैबतरावांच्या पोराने हात तिथल्या तिथे खाली घेतला.

आणि आता तुमची नोटीस आली आहे. हत्यारं घेऊन जमाव का जमवला, याचं उत्तर द्यायला दिनानाथने आणि आमनाने हजर व्हावं. दोघं येतील. आम्हीही सगळे येऊ. उत्तर हे वर लिहिलं आहे, मिळाल्याची सही द्या.

आता आमचा प्रश्न. उद्या लांबच्या कुठल्या गावाहून एखादी बाई तुमच्याकडे येईल. तिच्या गावाला आमच्यासारखी रीत नाही, शेजारी आमना नाही. तिला फक्त तुम्ही आहात. तिच्यासाठी खुर्चीतून उठणार का?

हो की नाही, तेवढं सांगा.