इताती हसत होती

इतातीबद्दल मी कुणाला काही सांगायला गेले की लोक माझीच कीव करायचे. पोरगा तसा निघाला म्हणून बाईला आता पोरीतही तेच दिसायला लागलं, असं माझी सासू शेजारणींना सांगायची, आणि तेही माझ्या देखत.

रामिरोचं, म्हणजे माझ्या थोरल्याचं, सगळं उघड होतं. तो नजरेला नजर द्यायचा नाही. बाटल्यांची झाकणं ओळीनं लावत बसायचा आणि ओळ मोडली की भिंतीवर डोकं आपटायचा. तीन वर्षांचा असतानाच डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगून टाकलं. मी रडले, पण पुढे शाळेत त्याच्या सोबतीला वेगळ्या बाई मिळाल्या, गल्लीतल्या लोकांनाही त्याला कसं सांभाळायचं ते कळलं.

इताती धाकटी, आठ वर्षांची, आणि ती माणसं पाठ करायची. समोरच्या घरातली यानिना तिच्या वर्गात. यानिना कशी हसते, केस कसे मागे टाकते, ‘अय्या, खरंच?’ कसं म्हणते, हे सगळं इताती न्हाणीघरातल्या आरशासमोर घटवायची. शाळेत दिवसभर तिच्या मागे मागे. किती गुणी मुलगी, असं बाई म्हणायच्या. ही गुणी मुलगी घरी आली की टेबलाखाली शिरायची, शाळेच्या पांढऱ्या डगल्याची बाही चावून ओलीचिंब करायची आणि भाताला रस्सा लागला की घर डोक्यावर घ्यायची. ते बघायला बाई थोड्याच येत होत्या?

शेवटी मी तिला रामिरोच्याच डॉक्टरांकडे नेलं. आमच्याकडे मूल कुठेही गेलं की आधी सगळ्यांच्या गालाचा पापा घेतं, नाहीतर आईचा उद्धार होतो. सासूनं इतातीकडून हे इतकं घोटून घेतलं होतं की तिनं डॉक्टरांचा पापा घेतला, त्यांच्या मदतनीस बाईंचा घेतला आणि बाहेर बसलेल्या, कानाला पट्टी बांधलेल्या एका अनोळखी आजोबांचाही घेतला. डॉक्टर खूश.

“बाई, असली मुलं कुणाच्या जवळ जात नाहीत,” ते म्हणाले. “आणि हे मुलग्यांमध्ये जास्त. चार मुलगे, तेव्हा कुठे एक मुलगी. तुमची पोर लाजाळू आहे, बस.”

मी म्हटलं, ती पापा घेते कारण तसा नियम आहे, तिला हवा असतो म्हणून नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुढची तपासणी माझीच करायची. मी उठले. पण त्या दिवसापासून एकच विचार डोक्यातून जाईना. रामिरो अडचणीत सापडला तर चार माणसं धावतील, कारण त्याच्याकडे बघूनच कळतं. हिला काही झालं तर कळणार कुणाला?

जानेवारीतली गोष्ट, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा. शाळेला सुट्टी, आणि दुपारी असं ऊन की कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. जेवून आमचं सगळं कोरियेन्तेस शहर झोपतं. त्या वेळी बाहेर फिरणाऱ्या मुलांना यासी यातेरे नावाचा सोनेरी केसांचा बुटका शीळ घालून पळवतो, हे आम्ही सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं. बाकीची पोरं आजीला फसवून पळतात. इतातीला आजीनं एकदा सांगितलं आणि तिनं दुपारी उंबरठ्याबाहेर कधी पाऊल टाकलं नाही. म्हणून त्या दिवशी मला जाग आली आणि तिचा पलंग रिकामा दिसला तेव्हा मी थेट समोरच्या घरी गेले. एवढी भीती मोडून ती जिच्या मागे जाईल अशी एकच व्यक्ती होती.

यानिनाच्या आईनं झोपेतच दार उघडलं. पोरी नदीवर गेल्या असतील, म्हणाली. मी अनवाणीच धावले. पाराना आमच्याकडे समुद्रासारखी पसरलीय आणि वरून शांत दिसते. आतली ओढ भल्याभल्यांना खाली नेते. माझ्या पोरीला पोहता येत नव्हतं.

धक्क्याच्या पायऱ्यांवर यानिना आणि तिच्या बहिणी ओल्या अंगानं कलिंगड खात बसल्या होत्या. इताती त्यांच्यात नव्हती.

“आम्ही धक्क्यावरून उड्या मारल्या,” यानिना म्हणाली. “ती मागेच होती. ती नेहमी मागेच असते.”

झाडाखाली दोन म्हातारे एकाच पेल्यातून तेरेरे, म्हणजे थंड पाण्यातला पाल्याचा चहा, नळीनं ओढत बसले होते. दोन वेण्यांची लहान मुलगी पाहिलीत का, मी विचारलं.

“ती काय,” एकानं नळी तोंडातून न काढताच बोट दाखवलं. “मघापासून आहे. मोठी लाघवी पोर. आम्ही हात केला, तिनंही केला.”

लांब पाण्यात नांगरून ठेवलेली एक रिकामी होडी होती. तिच्या दोराला धरून इताती, नुसतं डोकं वर. आणि ती हसत होती. सगळे दात दाखवून, यानिनासारखं. लाट आली की तोंड बुडायचं, वर आलं की पुन्हा तेच हसू. मी दिसले तशी तिनं एक हात सोडून वर केला.

“हात करू नकोस,” मी ओरडले. “दोर धर. दोन्ही हातांनी धर.”

मी छातीभर पाण्यात शिरले आणि वाळू पायाखालून सरकायला लागली. तेव्हा कुठे म्हाताऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एकानं आपली होडी लोटली, वल्ही मारली आणि तिला दंडाला धरून आत ओढलं. काठावर आणली तेव्हा ओठ निळे, तळवे दोरानं सोललेले.

“धीराची आहे हो,” म्हातारा धापा टाकत म्हणाला. “बघा, अजून हसतेय.”

मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो थरथरत होता, तरी हसू गालांवर तसंच ताणलेलं. जन्मात इतकी घाबरले नव्हते मी.

“हसू नकोस, राणी.”

“मग कसं करू?” तिनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

“तुला आत जसं होतंय तसं.”

तिचे गाल सुटले, तोंड वाकडं झालं आणि तिनं किंकाळी फोडली. यानिना पायऱ्यांवर हातात कलिंगडाची फोड घेऊन गप्प उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हे रडणं इतातीचं स्वतःचं होतं.

तिला कडेवर घेऊन मी घराकडे निघाले. ती ओरडत होती, माझ्या खांद्याला चावत होती, पायांनी मला मारत होती. झोपलेल्या रस्त्यावर एकेक खिडकी उघडायला लागली. पुढच्या कोपऱ्यावर सासू दारात आली आणि लोक बघताहेत, पोरीला गप्प कर, अशा खुणा करू लागली. मी पदपथ सोडला आणि रस्त्याच्या मधोमध, हळूहळू चालायला लागले, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल.