नंदूच्या नावाचं पाकीट

काशीराम हावरट म्हातारा आहे, यावर विक्रोळीच्या त्या चाळीत एकमत होतं. एरवी नळाच्या पाळीवरूनही तिथे एकमत होत नसे, पण यावर झालं होतं.

गिरणी सुटून घरी बसलेल्या काशीरामचा एकुलता एक मुलगा नंदकुमार चौऱ्याऐंशी साली काविळीने गेला. त्याआधी त्याने मोठ्या हौसेने एका पंपाच्या कंपनीचे शंभर शेअर घेतले होते. पहिलं नाव स्वतःचं, दुसरं वडिलांचं. दहा रुपयांचा शेअर शहाऐंशीत नव्वदवर गेला. नंदूची बायको प्रेमा घाटकोपरच्या दुकानात दुसऱ्याच्या मशीनवर साड्यांना फॉल-पिको करून घर चालवत होती. शेअर विकले की तिचं स्वतःचं मशीन येणार होतं आणि शेटजीची रोजची बोलणी कायमची सुटणार होती.

शेअरची कामं करणारा जयंतीभाई एका रविवारी स्वतः जिने चढून आला. "काका, मरणाचा दाखला कंपनीला पाठवा. नंदूचं नाव कमी होईल, मग लगेच विकू. हा भाव टिकायचा नाही हां."

"थांब रे, अजून वाढतलो," काशीराम म्हणाला. आत प्रेमाने टोप आपटला.

भावातलं काशीरामला ओ की ठो कळत नव्हतं. त्याला कळत होतं ते एवढंच, की वर्षातून दोनदा पोस्टमन चौकातून "नंदकुमार काशीराम पेडणेकर!" अशी हाक मारतो आणि आपण "आलो, आलो" म्हणत धावतो. पाकिटात कंपनीचा चेक असे, तो त्याने कधी बँकेत भरला नाही. पाकिटं ट्रंकेच्या तळाशी जात. घरात नंदूचं नाव कुणी घेत नसे. प्रेमाला रडू येईल म्हणून तोही घेत नसे. दाखला पाठवला की ती हाकही बंद होणार होती. वेडेपणाच तो, पण पोटचं पोर गेलेल्या माणसाला शहाणपण कुणी शिकवायचं?

पुढे बाजार कोसळला. नव्वदचा शेअर सहावर आला. प्रेमा सासऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

अठ्ठ्याऐंशीत काशीराम तापाने अंथरुणाला खिळला आणि प्रेमाने रजा टाकली. दुपारी खालून हाक आली. प्रेमाच्या हातातला पेजेचा पेला तसाच राहिला. ती खाली गेली आणि पाकीट घेऊन वर आली.

"ह्येच्यासाठी विकूक नाय गो," काशीराम भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "ह्या नाव घेऊन कोणतरी हाक मारता."

प्रेमा बराच वेळ पाकिटावरचं नाव वाचत बसली.

"मामंजी, एकदा सांगायचंत ना," ती म्हणाली. "मीसुद्धा विकू दिले नसते. दोन वर्षं मी तुम्हाला तळतळाट दिलेत, त्यांचं आता काय करू?"